कोपायलटला आधीच सांगून ठेवा

मी रत्नागिरीत आंबा बागायतदारांसाठी ऑर्डरचं सॉफ्टवेअर लिहितो. कोड लिहायला मदत करणाऱ्या गिटहब कोपायलट या एआय साधनाला रोज तेच तेच सांगत बसायचं नसेल तर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात 'डॉट गिटहब' फोल्डर करा आणि त्यात सूचना लिहिलेली 'कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स डॉट एमडी' फाइल ठेवा. क्लॉड कोड हे तसंच दुसरं साधन वापरणाऱ्यांनी मुख्य फोल्डरात 'क्लॉड डॉट एमडी' ठेवावी.

"कोड नीट लिही" असलं मोघम नको, त्याने काडीचा फरक पडत नाही. माझ्या फाइलीत आहे: "रक्कम रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात. पेटी चार डझनाची असते, सहाचीही. डझन वेगळ्या रकान्यात ठेव. बदलानंतर एनपीएम टेस्ट, म्हणजे कोडच्या चाचण्या, चालव. न विचारता नवी लायब्ररी घालू नकोस."

पासवर्ड मात्र इथे नकोत, फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल साठवणाऱ्या नोंदीत, जाते. पानभर पुरे. तोच घोळ पुन्हा दिसला की एक ओळ वाढवायची.