मेमरी कार्ड घेताना या चुका टाळा: मोठा आकडा, छोटा आकडा आणि लाल दिवा

शेवटचं मंगलाष्टक संपतं, भटजी ‘सावधान’ म्हणतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात. आपलं बोट शटरवर दाबलेलंच असतं. खट-खट-खट-खट… आणि कॅमेरा गप्प. मागचा लाल दिवा जळतोय, बटण दाबलं तरी काही नाही. चार-पाच सेकंदांनी तो जागा होतो तेव्हा हार घालून झालेले असतात आणि नवरीसमोर मामांची पाठ असते. (ते ‘सावधान’ खरं तर फोटोग्राफरसाठीच असावं, असं मला अलीकडे वाटू लागलंय.)

लग्नाची कामं करणाऱ्या प्रत्येकावर हे एकदा तरी येतं आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात. दुखणं बहुतेक वेळा कार्डात असतं.

मोठा आकडा बघून कार्ड घेणं

कार्डावर ठळक छापलेला ९५, १७० किंवा २०० (सेकंदाला मेगाबाइट) हा आकडा वाचनाचा असतो. म्हणजे कार्डातले फोटो लॅपटॉपवर घेताना मिळणारा वेग, तोही जास्तीत जास्त, तोही लॅपटॉपला लावायचा कार्ड-रीडर तेवढा चांगला असेल तर. कॅमेऱ्याला मात्र कार्डावर लिहायचं असतं, आणि लिहिण्याचा वेग बऱ्याचदा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो किंवा छापलेलाच नसतो.

हिशोब साधा आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (जेपेग न करता ठेवलेला मूळ फोटो) साधारण २५ मेगाबाइटची धरा. सेकंदाला ८ फोटो काढले की २०० मेगाबाइट माल तयार. तो आधी कॅमेऱ्यातल्या बफरमध्ये पडतो आणि तिथून कार्डावर जातो. बफर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा: वरून पाणी धो धो पडतंय आणि खालची तोटी बारीक. कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइट लिहीत असेल, तर एका सेकंदाचा माल उतरायला जवळजवळ ७ सेकंद लागतात. ८० लिहीत असेल तर अडीच. टाकी भरली की कॅमेरा थांबतो.

आता एक गंमत. कॅमेऱ्यात सर्रास असणाऱ्या एसडी कार्डांत यूएचएस ही वेगाची जात असते. त्यातल्या यूएचएस-१ जातीच्या कार्डाची प्रमाण मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. मग त्याच जातीच्या कार्डावर २०० कसं छापतात? कंपनीने प्रमाणाबाहेरची स्वतःची युक्ती वापरलेली असते आणि ती ठरावीक रीडरमध्येच चालते. कॅमेऱ्यात ते कार्ड आपल्या १०४ च्या आतच राहतं.

म्हणून बघायच्या त्या छोट्या खुणा. गोलाकार ‘सी’च्या पोटात १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट. ‘यू’च्या पोटात १ म्हणजे १०, ३ म्हणजे ३०. ‘व्ही’च्या पुढे ३०, ६० किंवा ९० असेल तर तेवढे मेगाबाइट. यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. हा वेग सलग लिहिताना टिकायलाच हवा, आणि व्हिडिओवाल्यांचं पोट त्यावरच आहे. कॅननच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग आपोआप थांबल्याचा संदेश येतो, तेव्हा आधी संशय कार्डावर घ्यावा.

व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये, तिथे भले भले फसतात. ८ बिटांचा १ बाइट. कॅमेरा १०० मेगाबिटने फोर-के रेकॉर्ड करत असेल तर कार्डाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट पुरतात. व्ही३० निवांत चालतं. ४०० मेगाबिट असेल तर ५० लागतात, तिथे व्ही६० हवं. १०० चा आकडा बघून घाबरून व्ही९० घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्या पैशात एक बरी बॅटरी आली असती.

कॅमेऱ्याच्या स्लॉटकडे न बघणं

यूएचएस-२ कार्ड उलटं करा, पिनांची दुसरी रांग दिसेल. त्या रांगेमुळे मर्यादा ३१२ मेगाबाइटपर्यंत जाते. पण कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये ती रांग नसेल तर कार्ड यूएचएस-१ च्याच चालीने चालतं. पैसे दुपटीहून जास्त, वेग तोच.

दोन स्लॉट असले म्हणजे दोन्ही सारखे असतात असंही नाही. सोनीच्या ए७-३ मध्ये पहिला स्लॉट यूएचएस-२ आहे, दुसरा यूएचएस-१. कॅननच्या ५डी मार्क ३ मध्ये तर सीएफचा (कॉम्पॅक्टफ्लॅश या वेगळ्या, मोठ्या कार्डाचा) स्लॉट तरतरीत आणि एसडीचा यूएचएसच्याही आधीच्या काळातला. दोन्हीकडे एकदम लिहायला लावलं की बैलजोडीतल्या मंद बैलाची चाल येते. ‘महागडं कार्ड टाकलं तरी स्लो’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

घरातल्या जुन्या कॅमेऱ्याचं वेगळंच. फक्त एसडीएचसी (एसडीची जुनी पिढी) चालणाऱ्या कॅमेऱ्याला ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं कळतात. ६४ टाकलं आणि एरर आली, तर कार्ड खराब समजून परत करू नका.

स्वस्तातलं १२८

हे माझ्यावर आलेलं. सीझन सुरू होता, एकाने अर्ध्या किमतीत १२८ जीबीचं कार्ड दिलं. पाकीट, होलोग्राम, सगळं झकास. हळदीचे फोटो व्यवस्थित आले. लग्नाच्या दुपारनंतरच्या फाइली कॅमेऱ्यात दिसत होत्या, नावं होती, साइज होता, पण उघडल्या की करडा पट्टा. आत चिप होती १६ जीबीची. अशा कार्डाचा कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी आतली चिप) कॅमेऱ्याला खोटं सांगतो की जागा १२८ आहे. खरी जागा संपली की पुढचा माल तो टाकून देतो किंवा जुन्यावरच लिहितो. कॅमेरा शेवटपर्यंत खूश. त्या घरी काय सांगितलं ते इथे नको.

तेव्हापासून नवं कार्ड, कुठूनही घेतलेलं असो, कामावर नेण्याआधी तपासतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३. तपासणीची ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि सगळं परत वाचून जुळवतात. १२८ जीबीला ३० च्या वेगाने नुसतं भरायलाच सवा तास लागतो, तेव्हा रात्री लावून झोपावं. जागा खोटी असेल तर कळते, आणि लिहिण्याचा खरा वेगही फुकटात मोजून मिळतो.

सवयींच्या चुका

मायक्रोएसडी अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरू नये. चालतं, पण जोड वाढला की सैल व्हायची जागा वाढली. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावं, लॅपटॉपवर नाही. लाल दिवा जळताना झाकण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच उघडतात.

कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी तुटली की कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणतो. त्या खाचेवर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेता येते, पण चिकटपट्टी स्लॉटात अडकली तर खर्च कार्डाहून मोठा. त्यातले फोटो लॅपटॉपवर घ्या आणि कार्डाला निवृत्त करा.

दोन स्लॉट असतील तर दुसऱ्यावर ‘बॅकअप’ लावावा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर. बरेच जण ‘ओव्हरफ्लो’वर ठेवतात, म्हणजे पहिलं भरलं की दुसरं, आणि दोन कार्डं आहेत म्हणून निर्धास्त राहतात. एकच स्लॉट असेल तर मी हळद एका कार्डावर आणि लग्न दुसऱ्यावर घेतो.

फोटो उडालेच तर

त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. डिलीट किंवा साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, माल तिथेच असतो. नवा फोटो त्याच्यावर बसला की गेला. कॅननमध्ये ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर (यादीसोबत मालही पुसणाऱ्या) खूण करून फॉरमॅट केलं असेल तर आशा फार कमी. एरवी फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर लावावं, आणि सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर घ्याव्यात. व्हिडिओ अनेकदा तुकड्यांत विखुरलेला असतो, त्याची खात्री देता येत नाही. फोटो परत येतात ते नाव हरवून, विस्कटलेल्या पत्त्यांसारखे. पण काढल्याची वेळ फोटोच्या आतच नोंदलेली असते. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळेनुसार लावले की हळद, अंतरपाट, सप्तपदी ओळीने बसतात.