संघ हरतच असेल तर गुणतक्ता मिटा, वही उघडा

बेसबॉलचा मोसम 162 सामन्यांचा. जुलैतच आशा संपली, तर पुढचे दोन महिने निकाल बघून जीव जाळण्यात काय हशील? शिकागो व्हाइट सॉक्स 2024 मध्ये 121 सामने हरले, त्यात सलग 21. अशा मोसमात गुणतक्त्याकडे फिरकूच नका. संघातला एक नवखा फलंदाज निवडा आणि त्याची प्रत्येक पाळी वहीत टिपा: किती चेंडू खेळला, बाहेर वळणाऱ्या स्लायडर चेंडूवर बॅट फिरवली की सोडला. मे महिन्यात त्याच चेंडूवर हमखास फसणारा पोरगा ऑगस्टमध्ये तो शांतपणे सोडतो, चार बॉल (टप्प्याबाहेरचे, न मारता सोडलेले चेंडू) घेऊन पहिल्या बेसवर जातो, तेव्हा संघ 9-2 असा मागे असला तरी सामना बघितल्याचं सार्थक होतं. सप्टेंबरात संघ 26 वरून 28 जणांचा होतो. आणखी एखादा नवा चेहरा दिसतो.

लाडका खेळाडू दुसरीकडे गेला की वाईट वाटतंच. पण बदल्यात कोण आलं तेही वहीत लिहा. व्हाइट सॉक्सनी गॅरेट क्रोशेला बॉस्टनला दिलं. त्या बदल्यात आलेले काइल टील आणि चेस मायड्रॉथ 2025 मध्येच शिकागोकडून खेळले.

डेट्रॉइट टायगर्स 2003 मध्ये 119 सामने हरले. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाच्या संघांना आधी संधी देणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर त्यांना गोलंदाज जस्टिन व्हरलँडर मिळाला, आणि 2006 मध्ये संघ थेट वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, होता.