विहिरीतला मृतदेह आणि घाईचा निकाल: या चुका टाळा

मराठवाड्यातील एखाद्या गावात विहिरीतून मृतदेह वर काढला, की शवविच्छेदनापूर्वीच गावाचा निकाल लागलेला असतो; कोणी आत्महत्या ठरवतो, कोणी घातपात. वास्तविक बुडणे हे मृत्यूचे कारण झाले. पाय घसरला, उडी घेतली की कोणी ढकलले, हा मृत्यूच्या स्वरूपाचा प्रश्न असून त्याचे उत्तर केवळ फुप्फुसांत सापडत नाही. काठावरच्या खुणा, चपला, कपडे आणि पंचनामा यांची जोड द्यावी लागते. मृत्यूचे कारण आणि स्वरूप या दोहोंची गल्लत ही सर्वांत मोठी चूक होय.

नातेवाईक मायेने मृताचे तोंड पुसतात, आणि तेथेच पुरावा जातो. नाकातोंडाशी आलेला, पुसला तरी पुन्हा येणारा बारीक पांढरा फेस माणूस जिवंतपणी बुडाल्याकडे बोट दाखवतो. सुरकुतलेले तळहात मात्र देह पाण्यात राहिल्याचेच सांगतात. त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला नसेल, तर अस्थिमज्जेत सापडलेले डायटम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शैवाल, ताडून पाहायचे कशाशी?

गळफासात पाय जमिनीला टेकलेले दिसले म्हणून खून, हा तर्कही फसवा आहे. मानेतील शिरा दाबल्या जाण्यास सुमारे 2 किलो ताण पुरतो. मानेवरचा दोराचा व्रण तिरका, वरच्या बाजूस आणि गाठीपाशी तुटलेला (गळफासाकडे बोट दाखवणारा) आहे, की आडवा व सलग (गळा आवळल्याकडे बोट दाखवणारा), हे पाहणे अधिक मोलाचे असते. म्हणून दोर गाठीपासून दूर कापावा, गाठ सोडू नये.

रानात फाटलेल्या कपड्यांत सापडलेला मृतदेह मारहाणीचा वाटतो, पण वीज पडल्यानेही कपडे असेच फाटतात. त्वचेवर उमटणारी फांद्यांसारखी नक्षी काही तासांतच मिटू शकते, त्यामुळे तिचे छायाचित्र लगेच घ्यावे. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते आणि दंशाची खूण जेमतेम दिसते. अशा मृत्यूला ‘झोपेत हृदयविकार’ म्हणून सरणावर नेण्याची घाई करू नये.

विषबाधेचा संशय असल्यास कीटकनाशकाची बाटली फेकू नये. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवला, मत राखून ठेवले’ या शेऱ्याचा अर्थ डॉक्टर काही लपवत आहेत, असाही काढू नये. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत प्रामाणिक डॉक्टर तेवढेच लिहू शकतो.