ठेकेदार साइट सोडून गेला तर पहिले पाच दिवस काम सुरू करू नका

ऑगस्ट २०१८. सोलापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना, ६७ किलो दाबाचा नवा बॉयलर आणि त्याची मेन स्टीम लाइन, म्हणजे वाफेचा मुख्य पाइप. सोमवारी सकाळी साइटवर पोचलो तर पाइपिंगवाल्या ठेकेदाराच्या खोल्या रिकाम्या. विझलेला स्टोव्ह, दोरीवर एक ओला टॉवेल, ग्राइंडरचा प्लग अजून बोर्डातच. सगळी गँग रातोरात गेली होती. ठेकेदाराचा फोन दोन दिवस नुसता वाजत राहिला, तिसऱ्या दिवशी बंद.

ही वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदा येईल त्यांच्यासाठी लिहितोय. बीओक्यू, आरए बिल, रिटेन्शन हे ठेक्याचे कागद-हिशेब समजावत बसत नाही, ते तुम्हाला येतं.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. बँक गॅरंटी कधी संपतेय आणि क्लेम कधीपर्यंत घालता येतो, हे त्याच दिवशी फाइल काढून बघा. ती वटवायची की नाही हे वरचे ठरवतील, पण तारीख उलटली की ठरवायला काही उरत नाही. थकलेल्या मजुरीवर ‘ते त्याचे लोक’ म्हणून हात झटकता येत नाहीत. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१ सरळ सांगायचं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची आणि त्याच्याकडून वसूल करायची. त्याची वेल्डिंग मशीनं कुलपात टाकून मर्दुमकी दाखवू नका. करारात तसा अधिकार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर फक्त यादी करा.

आता मी कुठे आपटलो ते.

चौथ्या दिवशी नवा ठेकेदार आला. चीफ इंजिनिअर म्हणाले, “दसरा १८ ऑक्टोबरला आहे. बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका छापायला गेलीय. लाव गँग. कागदाचं नंतर बघू.” मी लावली. एकोणतीस वर्षांचा होतो, साहेबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ग्राइंडरचा आवाज परत ऐकायचा होता. बंद साइटची शांतता खायला उठते.

लाइन पी-२२ ची, म्हणजे जास्त तापमानाला टिकणाऱ्या मिश्र पोलादाची. वेल्डिंगच्या प्रत्येक जॉइंटशेजारी जुन्या गँगने पेंट मार्करने जॉइंट नंबर आणि वेल्डरचा नंबर लिहिलेला. नव्या गँगने पहिल्याच दिवशी काय केलं, तर पाइप बफ मारून चकाचक. नंबर गेले. काही जॉइंटना नुसता रूट, म्हणजे वेल्डचा पहिला आतला थर, मारलेला होता, त्यावर यांनी फिलिंग करून कॅप, म्हणजे शेवटचा वरचा थर, चढवली. बाहेरून सगळे जॉइंट सारखेच देखणे. आमचे जुने फिटर अण्णा हात फिरवून म्हणाले, “साहेब, वरनं गुटगुटीत हाय. आत काय हाय ते देवाला ठावं.” मी हसलो होतो.

तीन आठवड्यांनी दोन कागद टेबलावर आले. जुन्याच्या शेवटच्या आरए बिलात (झालेल्या कामाच्या हप्त्याच्या बिलात) पूर्ण जॉइंट ९६, आणि ते बिल पास झालेलं. नव्याच्या पहिल्या बिलात ६१. बेरीज १५७. पाइपवर जॉइंट होते १३०.

खोटं कोण बोलतंय हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. फोटो नाही, पंचनामा नाही. ‘रिस्क अँड कॉस्ट’चं, म्हणजे उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊन जादा खर्च पहिल्याकडून वसूल करण्याचं कलम करारात होतं, पण ते लावायला ठेकेदार सोडून गेला त्या क्षणी किती काम झालेलं होतं याचा पुरावा लागतो. तो मी स्वतःच्या हाताने बफिंग मारून पुसला होता. वर बॉयलर इन्स्पेक्टरांनी विचारलं, कुठला जॉइंट कुठल्या वेल्डरचा? आयबीआरची (सरकारी बॉयलर नियमांखालची) लाइन आहे, प्रमाणित वेल्डरशिवाय चालत नाही. मी गप्प.

म्हणून सांगतो, आणि हे पुन्हा पुन्हा वाचा. आधी लेखी नोटीस, संयुक्त मोजमापाला अमुक तारखेला, अमुक वाजता या. स्पीड पोस्टाने, ईमेलने, आणि त्याच्या साइट ऑफिसच्या दारावर चिकटवून. चिकटवल्याचाही फोटो काढा. तो आला नाही (येत नाहीच) तर त्याच वेळेला कन्सल्टंटचा माणूस किंवा चार्टर्ड इंजिनिअर आणि दोन पंच उभे करून एकतर्फी मोजमाप करा. एकेक जॉइंट घ्या. ड्रॉइंगवरचा नंबर, पाइपवरचा नंबर, दोन्ही एका फोटोत. अवस्था लिहा: नुसता फिटअप (जुळवून ठेवलेला), रूट, पूर्ण, स्ट्रेस रिलीव्ह झालेला (तापवून ताण काढलेला), फिल्म काढलेला (एक्स-रेसारखा आतून तपासलेला). पेंट पुसला जातो म्हणून तारेने पत्र्याचा टॅग बांधा. स्टोअरमधून त्याला दिलेलं मटेरियल आणि साइटवर उरलेलं यांचा ताळा त्याच दिवसांत घाला. मग एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, सगळ्यांच्या सह्या. याला चार-पाच दिवस लागतात. तोवर एकाही माणसाला ग्राइंडर उचलू देऊ नका, मग चेअरमन येऊन उभे राहिले तरी.

घाबरू मात्र नका. बॉयलर कुठे पळून जात नाही आणि वाकडं झालेलं काम सरळ होतं, फक्त पैसे आणि झोप जाते. आमचंही झालं. जुन्या फिल्म एनडीटी एजन्सीने (जॉइंट न कापता तपासणाऱ्यांनी) अडवून ठेवल्या होत्या, कारण ठेकेदाराने त्यांचं बिल दिलं नव्हतं. माझं मत विचाराल तर अशा वेळी तत्त्व सांगत बसू नका. एजन्सीला थेट पैसे द्या, ठेकेदाराच्या नावे टाका, फिल्म हातात घ्या. आम्ही महिनाभर पत्रं लिहिली. फिल्म मिळाल्या तेव्हा त्यावरचे नंबर लावायला पाइपवर नंबर उरले नव्हते. शेवटी १३० चे १३० परत शूट केले, म्हणजे नव्याने फिल्म काढल्या. इरिडियमचा किरणोत्सर्गी सोर्स, त्यामुळे काम रात्रीच, दोरी बांधून माणसं लांब हटवून. अकरा रात्री. चौदा जॉइंट कापावे लागले. बहुतेकांत तोच, वरून कॅप चढवलेला अर्धवट रूट. स्ट्रेस रिलीव्हिंगचे चार्टही निम्मेच सापडले, म्हणून तेही पुन्हा.

जुन्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला नोकरीवर घ्यावं का, हे सगळे विचारतात. घ्या. लोक नाक मुरडतात, पण कुठला स्पूल (जोडून तयार ठेवलेला पाइपचा तुकडा) कुठल्या खड्ड्यात टाकलाय हे त्यालाच माहीत असतं. आम्ही नोव्हेंबरात घेतला, ऑगस्टमध्ये घ्यायला हवा होता. आणि ‘कागद नंतर’ म्हणणाऱ्या गुरूंपासून सांभाळा. आमचे साहेब माणूस म्हणून लाख मोलाचे, पण एमबीवर सही माझी होती.

दसऱ्याला अग्निप्रदीपन झालं, जुन्या बॉयलरचं. संचालक सपत्नीक पूजेला बसले होते, मी वर प्लॅटफॉर्मवर टॅग बांधत होतो. नवा बॉयलर जानेवारीत पेटला, तोवर अर्धा हंगाम संपत आला होता.

जुन्याच्या ९६ पैकी खरे किती, हे मला आजही सांगता येत नाही. पैसे ९६ चे गेले आहेत.