सरकी, तूर, खडा: मेसेज तपासायला शिकवताना

बोंडअळीच्या ‘हमखास’ औषधाचा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतो. पण वर्गातल्या काही पोरांना तो वाचताच येत नाही, मग तपासणार कसा?

मेसेज दोनदा मोठ्यानं वाचा. मेळघाटात असाल तर एखाद्या पोराला तो तिथल्या कोरकू भाषेत सांगू द्या. मग प्रत्येकाला तीन वस्तू द्या:

१. कोणी सांगितलं ते कळलं, तर सरकी पुढे ठेवायची.
२. तारीख सापडली, तर तुरीचा दाणा.
३. पुरावा दिसला, तर खडा.

कमी दिसणारं, न बोलणारं पोरही बोटांनी उत्तर देतं. मला हेच मोलाचं वाटतं. हातात काही उरलं, की किसान कॉल सेंटरला (१८००-१८०-१५५१) स्पीकर लावून विचारा.

वर्गातल्या कुणाच्या घरून आलेला मेसेज मात्र घेऊ नका, ते पोर खजील होतं.