ईटीसीओटू कमी दिसला म्हणून लगेच रेट कमी करू नका

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच लागलेल्यांसाठी लिहितेय. व्हेंटिलेटरचे मोड, ट्यूबचे नंबर, ३५ ते ४५ मिमी पारा ही ईटीसीओटूची (श्वास सोडताना शेवटी मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडची) नॉर्मल रेंज हे सगळं तुम्हाला येतं असं धरते. एमबीबीएसला तेवढंच शिकवलेलं असतं, आणि घोळही तिथेच सुरू होतो.

आधी एक कडक गोष्ट. ट्यूब टाकली आणि पडद्यावर कॅप्नोग्राफीचा, म्हणजे श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा, ग्राफ आला नाही, तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं. छाती हलत होती, ट्यूबमध्ये वाफ दिसली, दोन्हीकडे एअर एन्ट्री होती, हे सगळे फसवे साक्षीदार आहेत. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) तर सगळ्यात मोठं थापाडं. नीट प्रीऑक्सिजनेशन (भुलीआधी ऑक्सिजन देणं) झालं असेल तर ते मिनिटं उलटली तरी ९९ दाखवत राहतं. एकदोन उंचवटे आले म्हणूनही हुश्श करू नका, मास्कने बॅग देताना पोटात गेलेला वायू तेवढं दाखवू शकतो. श्वासमार्गावर काम करणाऱ्या प्यूमा गटाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निदान सात श्वास टिकणारा, बेसलाइनपेक्षा ७.५ मिमीहून उंच ग्राफ हवा. अरेस्टमध्येही सीपीआर चालू असताना ग्राफ बुटका का होईना, पण असतो; त्यामुळे 'अरेस्ट आहे म्हणून सपाट' ही सबब चालत नाही. ब्रिटनच्या २०११ च्या नॅप-फोर अहवालानुसार आयसीयूत श्वासमार्गाच्या गुंतागुंतीने झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक ठिकाणी कॅप्नोग्राफी न वापरणं हे एक कारण असावं. यात वाद घालणारा सीनियर भेटला तर मान डोलवा आणि ग्राफ बघा.

आता तो सापळा. यात मी अडकले होते, माझ्या बॅचचे बहुतेक अडकले होते, तुम्हीही अडकाल.

रात्रीची इमर्जन्सी घ्या. पर्फोरेशन पेरिटोनायटिस (आतड्याला भोक पडून पोटात पसरलेलं इन्फेक्शन), दोन दिवस घरी काढून आलेला पेशंट. टेबलावर येतो तेव्हा मिनिटाला ३२ श्वास घेतोय, बीपी कसंबसं ९०. इंडक्शन (भूल देणं) होतं, ट्यूब पडते, तुम्ही सवयीने व्हेंटिलेटरचा रेट मिनिटाला १४ लावता. बीपी आणखी उतरतं. ईटीसीओटू दिसतो २९. डोक्यात पहिला विचार काय येतो? '३५ च्या खाली आहे, म्हणजे जास्त व्हेंटिलेट होतोय.' हात नॉबकडे जातो आणि रेट १० होतो.

एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) हातात येते तेव्हा पीएसीओटू (त्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ४४ च्या पुढे, बायकार्ब (आम्ल आवरणारा क्षार) १३ आणि पीएच ७.१ च्याही खाली.

हे कसं घडतं ते सावकाश समजून घ्या. कार्बन डायऑक्साइड पेशींमध्ये तयार होतो, रक्त तो फुप्फुसापर्यंत आणतं, आणि मग श्वास तो बाहेर टाकतो. पडद्यावरचा आकडा कमी असेल तर यातलं काहीही बिघडलेलं असू शकतं; रेटचा नॉब फक्त शेवटच्या टप्प्याला हात लावतो. या पेशंटचं बीपी पडलंय, म्हणजे फुप्फुसाच्या कित्येक भागांत हवा जातेय पण रक्त पोचत नाही. तिथली कार्बन डायऑक्साइड नसलेली हवा परत येताना बाकीच्या हवेत मिसळते, ताकात पाणी ओतावं तशी. पडद्यावर २९ दिसतात ते त्या पाणचट ताकाचे. रक्तातला आकडा वरच आहे. धडधाकट माणसात दोन्हींतला फरक २ ते ५ मिमी; अशा पेशंटमध्ये १५ सहज असतो.

आणि मुळात तो ३२ ने श्वास का घेत होता? अ‍ॅसिडोसिस (रक्तातलं वाढलेलं आम्ल) आवरायला. स्वतःच्या बळावर त्याने पीएसीओटू २६ च्या आसपास खेचून धरला होता, म्हणून १३ बायकार्बवरही पीएच ७.३ होता. तुम्ही त्याला झोपवलं, रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) दिलं आणि त्याचं हे काम काढून घेतलं. पीएसीओटू ४४, कागदावर अगदी नॉर्मल, पण त्याच्यासाठी घातक. त्यात रेट आणखी कमी केला की काय होईल ते सांगायला नको.

म्हणून इंडक्शनआधी पेशंटचा स्वतःचा रेट मोजा. आकडा कमी दिसला की आधी बीपी बघा, मग ग्राफचा आकार, मग सॅम्पलिंग लाइन (श्वासाचा नमुना मॉनिटरकडे नेणारी नळी), आणि शंका असेल तर एबीजी. नॉब सगळ्यात शेवटी. आकडा दोन-चार श्वासांत धाडकन पडला तर सर्किट सुटलंय का, ब्लीडिंग आहे का, एम्बोलिझम आहे का, हे आधी.

घाबरू मात्र नका. दोन-तीन महिन्यांत आकड्याआधी ग्राफकडे नजर जायला लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती पंधरा-वीस वेव्हफॉर्मची पीडीएफ पाठ करण्यात माझ्या मते अर्थ नाही. शार्कच्या पंखासारखा तिरका ग्राफ म्हणजे ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आवळणं) किंवा मुडपलेली ट्यूब. बेसलाइन शून्यावर येत नसेल तर सोडा लाइम (सर्किटमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा पदार्थ) संपलाय किंवा एक्स्पिरेटरी व्हॉल्व्ह बिघडलाय. सुरुवातीला एवढं पुरे. सोडा लाइमच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक तो वेगळा बदलतो.

सॅम्पलिंग लाइनचं मला कोणा प्रोफेसरने शिकवलं नाही, ओटी टेक्निशियन दादांनी शिकवलं. सकाळी पहिल्या केसआधी लाइनच्या टोकात स्वतः फुंकायचं. दोन-तीन सेकंदांनी ग्राफ उठला पाहिजे. सर्किटला लावताना पोर्ट वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी आणि कफ आत उतरत नाही. फिल्टरच्या मशीनकडच्या बाजूला जोडलेली लाइन जास्त टिकते. लाइनला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आकडा खोटाच कमी येतो आणि ग्राफच्या शेवटी एक विचित्र टोक दिसतं. लहान मुलांत जेआर (जॅक्सन-रीस) सर्किटचा फ्लो जास्त असला तरी आकडा पातळ होतो. असे दादा भेटले तर त्यांना धरून राहा. केस सुरू होताच अलार्म म्यूट करणाऱ्या सीनियरकडून इंट्युबेशनचा हात शिका, मॉनिटरिंग शिकू नका.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. कार्बन डायऑक्साइडसारखा तो इन्फ्रारेड शोषत नाही, म्हणून त्याचा सेन्सर वेगळा असतो. गॅल्व्हॅनिक सेल असेल तर तो झिजतो; खोलीतल्या हवेत २१ दाखवतोय का ते बघा. लो फ्लोवर (ताजा वायू कमी ठेवल्यावर) रोटामीटरवर, म्हणजे मशीनवरच्या वायूच्या मापकावर, लावलेला ऑक्सिजन आणि पेशंटला मिळणारा ऑक्सिजन वेगळे असतात, सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूच्या डायलचंही तेच. डायल बघून डोस लिहू नका, एंड टायडल (श्वासाच्या शेवटी मोजलेला आकडा) बघून लिहा.

आणि आयसीयूत शिफ्ट करताना: पोर्टेबल मॉनिटरची सॅम्पलिंग लाइन बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीची असते आणि ओटीतली तिथे बसत नाही. ती जोडून ग्राफ येतोय का ते टेबलाजवळच बघा, लिफ्टमध्ये नाही.