शेवळं: ओळख आणि निवडणं

पहिल्या पावसाच्या सुमारास कोकणातल्या रानात जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतो, तो शेवळाचा फुलोरा. सुरणाच्याच कुळातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. पान नंतर येतं, तेही एकच: ठिपकेदार दांड्यावर तीन फाट्यांत विभागलेलं. म्हणून पान शोधत बसलात तर भाजीचा हंगाम हुकलाच.

सुरणाचं फूल पसरट, घंटेसारखं; मधला गड्डा सुरकुतलेला. शेवळाचं आवरण अरुंद आणि टोकदार. ते उलगडून पाहा. आत दांडा असतो: तळाशी मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं आणि शेवटी लांब, वांझ शेंडा.

फुलांचा पिवळट, दाणेदार भाग पूर्ण खरवडून टाका. घसा खाजतो तो बहुधा हाच भाग राहिल्यामुळे. कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात टोचतात. हाताला आधी तेल लावा. बाहेरची जून सालं टाका, आवरण आणि शेंडा बारीक चिरा.

एका जुडीला 8-10 काकडं (काकड झाडाची आंबट रानफळं) ठेचून पाण्यात कोळा, रस गाळा. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतून त्यात हा रस घालून पूर्ण मऊ शिजवा. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ. आंबट टाळून मात्र चालत नाही. चव घेण्याची घाई नको, अर्धकच्ची फोडही खाजते.

विकत घेताना मिटलेलीच घ्या; उमललेल्याला दुर्गंधी येते. रानात कोंब जमिनीलगत कापावा, कंद उपटू नये.